वहीतल्या लघु-गुरूच्या खुणा

शुक्रवार, १३ नोव्हेंबर १९९८. बर दुबई.

टाळ्या मीही वाजवल्या, हेच डोक्यातून जात नाही.

जबल अलीच्या गोदामात दोन वर्षं कान देऊन मी ती शब्दांची वही भरली. आपण हिंदीत ज्याला 'वक्त' म्हणतो त्याला आमचा अरब सुपरवायझर 'वगित' म्हणतो आणि झांजिबारचा जुमा 'वकाती'. प्रत्येक शब्दाखाली लघु-गुरूच्या खुणा, शाळेत गुरुजी कवितेला करायला लावायचे तशाच. रूममेट विनायकने वही वाचायला म्हणून मागून नेली. आज इथल्या मराठी मंडळात त्याचं भाषण होतं. मी कौतुकाने जुमालाही घेऊन गेलो.

फळ्यावर शब्द माझे, खुणासुद्धा माझ्याच! आणि हा म्हणतो, "माझं संशोधन." अरे, जबल अलीच्या बसमध्ये कधी पाय तरी ठेवलास का? वर, मी वहीत लिहून ठेवलं होतं तशी, जुमासारखी मान हलवून "वकाती, वकाती" करून दाखवलं. सगळा हॉल हसला, टाळ्या पडल्या, त्यात माझ्याही.

बाहेर आल्यावर विनायकला शिव्या घालायला मी तोंड उघडलं, तर जुमाच हळू आवाजात म्हणाला, "भाई, मैंने तुमको बोला था. उसको नहीं."

परत येताना खाडी ओलांडणाऱ्या होडीत, अब्रात, तो माझ्या शेजारी बसला नाही.