नवव्या रांगेतली टाळी

टूसॉन, अ‍ॅरिझोना
१३ नोव्हेंबर १९७८

चि. एमेटला,
बर्नीताईचे अ. आ. ते सवयीनं लिहून गेले, एवढंच समज.

काल दुपारी मी टीव्हीवर आपल्या गावच्या संघाची फुटबॉलची मॅच बघत होते. लायल स्टॅडलरनं चेंडू फेकला आणि पाठोपाठ समोरचे दोन धिप्पाड गडी त्याच्या पायावर कोसळले. त्याची नडगी नको तिथं वाकलेली मला इथं वाळवंटात बसून दिसली. मी तोंडावर हात धरला, आणि आपलं स्टेडियम, आपलं गाव उठून टाळ्या वाजवायला लागलं! आपल्याच क्वार्टरबॅकचा, चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याचा, पाय मोडला म्हणून! का, तर आता प्रशिक्षकाला झक मारत त्याच्या जागी पावलक खाटकाच्या रॉनीला मैदानात आणावं लागणार. रॉनी गावचा, आणि लायल टेक्ससहून आलेला, परका.

मग कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला. नारिंगी टोपी, वर हिरवा गोंडा, एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा. तसली टोपी जगात एकच आहे, कारण ती मी विणली आहे. तिच्याखाली तू होतास. दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या पिटत होतास.

पाच आठवडे तुम्ही त्याची हुर्यो उडवलीत, ते मी समजू शकते. हरणाऱ्याची हुर्यो उडतेच. पण पडलेल्या माणसावर टाळ्या? एकसष्ट वर्षांचा घोडा झालास, लाज कशी वाटली नाही रे?

स्टेडियममधल्या पुढच्या वर्षीच्या जागांचं कार्ड आता येईल. बाबांनी नवव्या रांगेतल्या त्यांच्या दोन जागा आपल्या दोघांच्या नावावर ठेवल्या आहेत. एक जरी सही कमी पडली, तर त्या वीस वर्षं वाट बघणाऱ्यांच्या यादीत जातात. यंदा माझी सही गृहीत धरू नकोस.

लोभ ठेवायचा की नाही, ते तुझं उत्तर वाचून ठरवीन.

बर्नाडीन


ग्रेलिंग फॉल्स, विस्कॉन्सिन
१८ नोव्हेंबर १९७८

ती. ताईस,
एमेटचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पाकीट उघडताना हात भाजला नाही, एवढंच नशीब.

ताई, तू राईचा पर्वत करते आहेस. मी लायलकडे बघतच नव्हतो. मी आपल्या खेळाडूंच्या बाकाकडे बघत होतो. रॉनीनं हेल्मेट उचललेलं दिसलं, मला वाटलं प्रशिक्षकाला एकदाची अक्कल आली, लायलला बाहेर काढलं. म्हणून टाळ्या वाजवल्या. तो जमिनीवर पडलाय हे मला मागाहून कळलं. शेजारच्या जागेवरचा ऑर्व्हिलही तेच म्हणतो. गावात कुणालाही विचार, सगळे तेच म्हणतात.

आणि गावाला काय कमी वाईट वाटलंय? दुकानांच्या काचांवर लायलचा बारा नंबर रंगवलाय. चर्चमध्ये मेणबत्त्या लागतात. बायकांनी चीज घालून भाजलेल्या मॅकरोनीची इतकी भांडी नेली, की इस्पितळानं दारावर पाटी लावली, आता पुरे. त्याचा खेळ संपला, हे नक्की. जखम चिघळली आहे. पाय राहतो की जातो, डॉक्टर सांगत नाहीत.

टोपीच्या मोठ्या कानातून वारं शिरतं, हे तुला गेली सहा वर्षं सांगतो आहे. ते राहू दे. पण सहीचं मनावर घेऊ नकोस. माझी आल्मा गेल्यापासून मला रविवारची ती जागा सोडून दुसरं आहे काय?

राग गिळ आणि लोभ ठेव.

तुझा एमेट


टूसॉन
२३ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

चि. एमेटला,
अ. आ.

टर्की ओव्हनमध्ये आहे आणि मी स्वयंपाकघराच्या टेबलावर तुला लिहिते आहे, कारण हे लिहून झाल्याशिवाय मी जेवायला बसणार नाही.

नवव्या रांगेतून आपला बाक दिसतच नाही, एमेट. मधे बँडवाल्यांचा चौथरा येतो. बाबा तीस वर्षं त्या चौथऱ्याच्या नावानं खडे फोडत होते. ऑर्व्हिलला तू फसव, तो तुला फसवो. मी त्या फळीवर लहानाची मोठी झाले आहे.

आता बाबांचं ऐक. कागदाच्या गिरणीत मशीनच्या फिरत्या रुळात त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा मुकादमानं त्याच पाळीत दुसरा माणूस त्या रुळावर उभा केला. बाबा म्हणायचे, हात गेल्याचं मी सोसलं. पण मला झोळीतून फाटकाबाहेर नेत होते आणि मागं मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला, तो काही केल्या कानातून जात नाही. हे त्यांनी तुलाही सांगितलं होतं. शंभरदा सांगितलं होतं.

एका हातानं टाळी वाजत नाही, म्हणून ते फळीवर पाय आपटायचे. मग त्यांच्याकडे बघून अख्खी रांग पाय आपटायला लागली. एरवी आजही नववी रांग टाळ्या वाजवत नाही, पाय आपटते! त्या माणसाच्या जागेवर उभा राहून तू टाळ्या वाजवल्यास, आणि वर मला थाप मारतोस.

खरं लिहिणार असशील तर लिही. नाहीतर तिकीट वाया घालवू नकोस.

बर्नाडीन


ग्रेलिंग फॉल्स
३ डिसेंबर १९७८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाक दिसत नाही. मला लायल दिसला होता. त्याचा पायही दिसला होता. हा एकदाचा जाऊ दे, असं पाच आठवडे मनात घोकत होतो, आणि तो गेला. त्या क्षणाला मला आनंद झाला, ताई. तेच तुझ्यापासून लपवत होतो.

मंगळवारी त्याचा पाय गुडघ्याखाली कापला. गुरुवारी मी इस्पितळात गेलो. मॅकरोनी नेली नाही. दारात त्याची बायको मर्ना होती. मी म्हटलं, बाई, मी टाळ्या वाजवणाऱ्यांतला आहे. तिनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाली, चारशे माणसं येऊन गेली, एकानंही टाळी वाजवली नव्हती. मग तेवढा आवाज काय मैदानातल्या गवतानं केला होता? आज एक तरी सापडला. एवढं बोलून ती बाजूला झाली.

लायलला मी सगळं सांगितलं. पांघरुणाखाली एका बाजूला सपाट होतं, तिकडे बघायचं टाळत होतो. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, मला पाडलं तेव्हा चेंडू मी फेकून झाला होता. तोंड चिखलात, डोळ्यांपुढे अंधार. तेवढ्यात तुमची गर्जना ऐकू आली. वाटलं, पुढे धावणाऱ्या आपल्या बीसलीनं झेल घेतला, टचडाऊन झालं, गुण मिळाले. आत नेईपर्यंत मी खूश होतो. नर्सला विचारलं, झेल कसा होता? तिनं मान फिरवली.

पाच आठवड्यांत पहिल्यांदाच तुम्ही माझ्यासाठी ओरडलात असं वाटलं हो, म्हणाला.

मी टोपी पिळत बसलो. मी कुठल्या रांगेत बसतो ते त्यानं विचारलं, मी सांगितलं.

कार्ड सोबत पाठवतो आहे. मी सही केलेली नाही. जागा यादीतल्या माणसाला जाऊ देत, मला तिथं बसायला तोंड नाही. लोभ मागायलाही नाही.

एमेट


टूसॉन
८ डिसेंबर १९७८

चि. एमेटला,
अ. आ. या खेपेला मनापासून.

पत्र वाचून रडले, आणि मग पुन्हा तुझाच राग आला. शहाणाच आहेस! जागा सोडून सुटका करून घेतोस? अख्खं गाव मॅकरोनी देऊन सुटलं, तशी? ते चालणार नाही. कार्डावर मी सही केली आहे. खाली तुझी कर आणि टपालात टाक.

दर रविवारी तिथंच जाऊन बस. चार चेंडू वाया गेले की ऑर्व्हिल रॉनीचीही हुर्यो सुरू करील. मी ओळखते त्याला. उद्या रॉनी पडेल, आणि त्यांना तिसरा कुणीतरी हवा असेल. त्या दिवशी नवव्या रांगेत तू असायला हवास.

बाबांना एकच हात होता. तुला दोन आहेत. ते मांडीखाली दाबून बस.

तुझी, अजून रागावलेली,
बर्नीताई