रेतीतला हात

३ जून

आजपासून मी ढलाईवाला. छत्तीस वर्षांचा शिकाऊ. शिल्पानं सकाळी ही वही हातात दिली अन् म्हणाली की रोज चार ओळी लिहीत जा, म्हातारपणी वाचून हसू. बायकोचा हुकूम, म्हणून लिहून राहिलो.

बारा वर्षं औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात उभा राह्यलो. हसू हसू गाल दुखले माहे. एप्रिलमध्ये कंपनीनं आमची अख्खी टीम काढली तवा बाकीचे दुसऱ्या कंपन्यांत चिकटले. मी म्हटलं, बस झालं बाप्पा, आता अशी वस्तू बनवीन जी हातात धरता येते. बाबा जन्मभर पोलादाच्या प्लांटात भट्टीवर होते अन् मले सांगत राह्यले की सुगत, तू टेबल-खुर्चीचं काम कर. ते असते तर आज त्यायनं माह्याशी बोलणं टाकलं असतं.

कारखाना जामुलच्या रस्त्यावर, टिनाच्या शेडात. मालक अन् मिस्त्री एकच, गुलाबराव काका, साठीचे, मूळचे भंडाऱ्याकडचे. त्यायच्या हाताखाली लहानू. पन्नाशीचा, डावा हात वाळलेला, पण उजव्यानं दोघांचं काम ओढते. मोरीची झाकणं, पंपाचे भाग, असं काय काय ओततात. नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे ते नऊ कडक दिवस, संपला म्हणतात, पण शेडात पाय टाकला की संपल्यासारखं काही वाटत नाही. लहानूनं मले वरून खालून पाह्यलं अन् विचारलं की कोणत्या वर्गात आहेस. मी म्हटलं, पहिलीत. काका हसले नाहीत, पण चहा पाजला.

मरोद्याले घरी आलो तं खुशबू नाक दाबून पळाली. माही पोरगी, यंदा दुसरीत जाईल. घामाचा अन् धुराचा वास घेऊन तिच्यामागं घरभर धावलो. शिल्पा ओरडून राहिली, आम्ही ऐकून नाही राहिलो. लय दिवसांनी असा थकलो.

७ जून

काम असं आहे. वस्तूच्या आकाराचा लाकडी फर्मा असते. तो लोखंडी पेटीत ठेवाचा, वरून काळी ओली रेती ठोकून ठोकून भराची, मग फर्मा असा अलगद काढाचा की रेतीत त्याची पोकळी राहते. त्या पोकळीत लोखंडाचा रस ओतला की वस्तू तयार. ऐकाले सोपं आहे. माह्या हातून फर्मा निघतानाच रेती ढासळते. काका काही न बोलता पेटी उलटी करतात अन् पुन्हा भराले लावतात. डॉक्टर लोक निदान ‘नंतर या’ तरी म्हणत.

रस आणाले लेडल, म्हणजे लांब दांड्याचं पातेलं. ओतताना ठिणग्या उडतात. माह्या दोन्ही मनगटांवर फोडच फोड आहेत. काल एक ठिणगी बसली, मी दचकलो, हात हलला अन् रस सांडला तो थेट लहानूच्या पायावर. त्यानं खाली पाह्यलं, पाय झटकला अन् तंबाखू मळत राह्यला. कातडी सोलून निघाली होती. मी घाबरून पाणी आणलं तं म्हणाला की राहू दे, मले काही लागत नाही. मले वाटलं, सवय असंल.

रात्रीच्या जेवणाआधी खुशबूचा खेळ झाला. ती माह्या तळहातावर बोटानं अक्षर काढते, मी डोळे मिटून ओळखतो. मी जाणूनबुजून चुकीचं सांगतो, मग तिले राग येते अन् ती हिंदीत भांडते. मराठीत विचारा, हिंदीत उत्तर, असं आमचं घर.

१४ जून

आज काकांनी इथली रीत सांगतली. शिकाऊ माणूस टिकणार असं दिसलं की त्याचा हात रेतीत दाबून घेतात अन् त्या ठशात लोखंड ओततात. मागच्या भिंतीवर ते सगळे हात टांगले आहेत. मले इतके दिवस वाटलं, शोभेचे आहेत. काहींचे पायही आहेत. काका म्हणाले की हाताले कळते म्हणून हात हलते, हात हलला की रस सांडते, अन् एक दिवस कोणीतरी मरते. ते कळणं रेतीत ठेवून द्याचं अन् कामाले लागाचं.

मी हसलो. बारा वर्षं डॉक्टरांत काढलेला माणूस. त्यात आमचं घर बौद्धाचं, अंगारे-धुपारे बाबांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. पण म्हटलं रीत आहे, पाळून टाका. उजवा हात दाबला. रेती थंड होती, फोडांना बरं वाटलं. काकांनी स्वतः ओतलं. रस ठशात उतरला तवा माह्या हाताले मुंग्या आल्या, मनगटापर्यंत. मग त्या थांबल्या.

१६ जून

उजव्या हाताले काही समजून नाही राहिलं. बोटं हलतात, मूठ वळते, पकड पक्की आहे. पण गरम नाही, गार नाही, टोचणं नाही. सकाळी उकळत्या चहाचा गंज गॅसवरून चिमट्याशिवाय उतरवला. शिल्पा किंचाळली तवा मले कळलं.

अन् काम? पहिल्यांदा फर्मा अखंड निघाला, रेतीचा कणही पडला नाही. काकांनी पाठीवर थाप दिली. खरं सांगतो, भीती वाटाले पाहिजे होती, पण मले आनंदच झाला. इतक्या वर्षांत माह्या कामाले कोणी चांगलं म्हटलं नव्हतं.

९ जुलै

डावा हात बी दिला. लेडल दोन हातांनी धरा लागते, एक हात दचकून काय उपयोग.

शिल्पा ज्या दवाखान्यात रिसेप्शनवर आहे तिथल्या नसांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यायनं सुया टोचल्या, हातोडी मारली, अन् गोळ्या लिहून दिल्या. मी बारा वर्षं विकल्या त्याच गोळ्या. मले इतकं हसू आलं की शिल्पा रिक्षात माह्याशी बोलली नाही.

खुशबूनं तळहातावर अक्षर काढलं. मी डोळे किलकिले करून पाह्यलं अन् बरोबर सांगतलं. तिले समजलं. ती म्हणाली की पापा चीटिंग करतात, अन् खेळ सोडून निघून गेली. मले लय वाईट वाटलं. बराच वेळ तसाच हात उघडा ठेवून बसलो.

२ ऑगस्ट

लहानूले विचारलं की हे परत घेता येते का. त्यानं आधी तंबाखू तोंडात टाकली. मग सांगतलं. येते. भिंतीवरचा आपला हात भट्टीत टाकाचा, वितळला की कळणं परत येते. पण मधल्या काळात हाताले जे जे झालं, ते सगळं संगंच येते. त्याले नातू झाला तवा त्यानं डावा हात वितळवला होता, बाळाले हात लावून पाहाचं होतं म्हणून. इतक्या वर्षांच्या ठिणग्या, इतक्या वर्षांचं भाजणं एकदम आलं. आवारात लोळून राह्यला होता, काकांनी तोंडात कापड कोंबलं. हात वाळला तो तवाच. नातवाले त्या हातानं घेताच आलं नाही.

हे सांगताना लहानूचा आवाज जराही हलला नाही. शर्टाच्या आत, छातीवर हात नेऊन त्यानं थोडं खाजवलं. कशाले, ते मले समजलं नाही.

२७ ऑगस्ट

शिल्पा कामावर होती. खुशबू म्हणाली की अच्छा नहीं लग रहा. मी कपाळावर हात ठेवला. कपाळ अन् हात, दोन्ही मले सारखेच. म्हटलं काही नाही बेटा, झोप. ती झोपली. शिल्पा आली तोवर पोरगी तापानं फणफणून राहिली होती, डोळे वर गेले होते.

दवाखान्यात तिच्या उजव्या हातात सलाईनची सुई घालताना चौघांनी धरलं. ती मलेच हाका मारून राहिली होती. मी तिचा दुसरा हात धरला होता. धरला होता हे डोळ्यांनी पाहून समजलं. शिल्पा म्हणाली की बाप जवळ होता म्हणून मी निर्धास्त होते. एवढंच म्हणाली.

छातीत असं दुखून राहिलं की श्वास घेता येत नाही. मी माह्या पोरीले मारलं असतं.

३१ ऑगस्ट

खुशबू घरी आली. वाळली आहे. दर आठवड्याले रक्त तपासाचं आहे, सुईचं नाव काढलं की रडते, उजवा हात फ्रॉकमध्ये लपवते. पाहवत नाही. जेवण जात नाही. लेडल धरून उभा राहतो अन् डोळ्यांसमोर ते वर गेलेले डोळे येतात.

काकांनी पाह्यलं. म्हणाले की हात दिले अन् छाती ठेवली की असंच होते. लहानूनं दिली आहे. त्यायनं स्वतः दिली नाही, बायको होती तोवर द्यावीशी वाटली नाही, आता सवय झाली आहे. पाहा बाप्पा, म्हणाले, तुहं तू पाहा.

४ सप्टेंबर

दिली. मोठ्या पेटीत पालथा झोपलो. रेती थंड होती.

घरी आलो. शिल्पा रडून राहिली होती. बाजूले बसलो. जेवलो. पोटभर जेवलो.

१० सप्टेंबर

काम चांगलं आहे. झोप चांगली आहे. खुशबूची रक्ततपासणी झाली, रडली. शेजारच्या बाईनं बेसनाची ठेठरी तळून दिली, खाल्ली. शिल्पा म्हणते की तू पाहतोस तं असं वाटते की कोणी भाडेकरू पाहून राहिला आहे. मी म्हटलं असंल.

लिहाले काही सुचत नाही. शिल्पाचा हुकूम आहे म्हणून लिहितो.

१७ सप्टेंबर

विश्वकर्मा पूजा. भट्टी बंद. घरचे लोक पाहाले येतात. शिल्पा अन् खुशबू आल्या. काका प्रसाद वाटून राह्यले होते, लहानू हार लावून राह्यला होता. खुशबूनं भिंतीवर माहा हात ओळखला. तिलेही पाहिजे म्हणाली. उद्यासाठी भरलेली एक पेटी उघडी होती. तिनं उजवा हात दाबला. शिल्पानं मोबाईलवर फोटो काढला. लय दिवसांनी हसली शिल्पा.

मी पाह्यलं. ठसा पुसाले पाहिजे, हे मले माहीत होतं. प्रसाद घेतला. घरी आलो.

१८ सप्टेंबर

भट्टी लागली. ओतत ओतत त्या पेटीपाशी आलो. लेडलमध्ये रस होता. रेतीत पाच बोटं. वरून हात फिरवला असता तं पुसली असती.

याच हातात सुई टोचतात. टोचली की रडते. आता रडणार नाही.

ओतलं.

१९ सप्टेंबर

सकाळी पेटी फोडली. लहान हात. रेषाही आल्या.

काका पाहून खाली बसले. कोणाचा म्हणून विचारलं. सांगतलं. त्यायनं मले मारलं, तोंडावर, दोनदा. मग स्वतःच रडले. म्हणाले की आज भट्टी थंड आहे, उद्या पहाटे फक्त यासाठी लावतो. एकच दिवस झाला आहे, थोडी रडंल अन् मोकळी होईल. पण तोवर त्या हाताले काही होऊ देऊ नको. जे होईल ते उद्या तिले एकदम लागंल, लहानूले लागलं तसं. कापडात बांध, नजरेआड करू नको. अन् तुही छातीही संगंच वितळवू, म्हणाले.

हाओ म्हटलं. लहान हात पिशवीत घालून घरी आणला.

१९, संध्याकाळ

शिल्पा ड्युटीवर गेली. तिले सांगतलं नाही. खुशबूचा हात बांधला. वही काढली.

तिनं कापड सोडलं. माह्यासमोर येऊन पिन टोचून दाखवली. रक्त आलं. पापा, कुछ नहीं होता, म्हणाली. खूश आहे. मी म्हटलं, बरं.

स्वयंपाकघरात गेली. लायटरचा आवाज —

हाक मारून राहिली. पापा देखो. हसून राहिली —

वास येऊन राहिला. कारखान्याच्या कपड्यांचा असंल. नाही. कपडे शिल्पानं धुतले —

मले माहीत आहे काय कराचं. उठाचं. गॅस बंद कराचा. जितका उशीर तितकं उद्या तिले —

अजून हसून राहिली.

उठाले पाहिजे. ही ओळ झाली की उठतो अन्