सात नंबरच्या बसचा हिरवा रंग न पाठवल्याबद्दल

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. मामींनाही तोच, पण त्यांचा वेगळा धरावा, एकात दोघांनी भागवू नये. इकडे आई, मी आणि डबा असे तिघेही ठीक आहोत (डब्याबद्दल पुढे सविस्तर येईलच). तुमचा डावा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या पत्रात तुम्ही लिहिले नव्हते, आणि आई म्हणते की दोन्हींची औषधे वेगळी असतात. ताईची नोकरी, मामींची झोप आणि नातीचा दात जिथल्या तिथे असतील अशी आशा करतो. (दात जिथल्या तिथे नसेल तर उत्तमच, तो पडायचा होता.) हे सगळे फोनवर विचारता आले असते, पण फोनवर तुम्ही "थोडक्यात सांग" म्हणता, आणि थोडक्यात मला येत नाही.

तुम्ही केलेल्या बसचा फोटो पोचला. मी तो आधी नुसता पाहिला, मग भिंग घेऊन पाहिला, आणि मग गॅरेजमध्ये नेऊन पेंटरकाकांना दाखवला. त्यांच्या हाताखाली मला सहा वर्षे झाली, पण एखादी वस्तू पाहायला त्यांनी आधी हात धुतले असे मी प्रथमच पाहिले. हातभर लांबीच्या बसला वायपर आहेत, कंडक्टरच्या सीटमागे घंटीची दोरी आहे, आणि डेपोच्या फाटकाला घासून पुढच्या बंपरला जो पोचा आला होता तोसुद्धा तुम्ही प्रामाणिकपणे तसाच ठोकून पाडला आहे. फक्त रंग नाही. नुसत्या पत्र्याची ती बस आंघोळ करून टॉवेलची वाट पाहत उभी असल्यासारखी दिसते.

तुम्ही लिहिलेत की तिकडे परदेशात छंदाच्या दुकानात छोट्या बाटल्यांतून अडतीस प्रकारचे हिरवे मिळतात, पण त्यांत सात नंबरचा हिरवा नाही. मला ते लगेच पटले. तो हिरवा डेपोचा पेंटर स्वतः दोन डबे मिसळून करायचा, आणि तिसऱ्या डब्यातले चमचाभर काय घालायचा ते त्याने बायकोलाही सांगितले नाही. आता डेपोही नाही, पेंटरही नाही, गाड्याही दुसऱ्याच रंगाच्या आल्या. त्या हिरव्याचा जगातला शेवटचा डबा, तुम्ही जाताना ठेवून गेलेला, आमच्या घरी आहे आणि त्यात तळाला दोन बोटे रंग आहे. छोट्या गाड्या करणाऱ्या तुमच्या मंडळाचे प्रदर्शन तीन महिन्यांवर आले, तुमच्या नावाची पाटी छापून झाली. सव्वीस वर्षे जी गाडी चालवली ती भलत्याच रंगात लोकांपुढे ठेवण्यापेक्षा मी ठेवणारच नाही, असे तुम्ही लिहिलेत. आणि खाली लिहिलेत, "एक अंगठ्याएवढी बाटली पोस्टाने पाठव. त्यात काय मोठंसं?"

मामा, त्यात फारच मोठे आहे. ते केवढे मोठे आहे हे मला महिनाभरापूर्वी माहीत नव्हते आणि आता माहीत झाल्यापासून मी पूर्वीचा राहिलेलो नाही.

मी औषधाची एक रिकामी बाटली उकळून, वाळवून, तिच्यात रंग भरला. बुचावर मेण, मेणावर चिकटपट्टी, भोवती कापूस, त्यावर पुठ्ठ्याची पेटी, आणि पेटीवर तुमचा पत्ता मी पाटी रंगवताना काढतो तशा अक्षरांत काढला. पोस्टात पार्सलच्या खिडकीवर एक बाई असतात. चष्मा दोरीने गळ्यात, आवाज बेताचा, आणि वजनकाट्याकडे न पाहता वजन सांगतात (मी दोनदा पडताळले). त्यांनी विचारले, "आत काय?" मी म्हणालो, "रंग." "पाण्याचा की तेलाचा?" "तेलाचा." त्यांनी पेटी एका बोटाने माझ्याकडे परत सरकवली. म्हणाल्या, "विमानात नाही जात."

माझ्या मागे रांगेत एक सद्गृहस्थ होते, त्यांना घाई होती. ते म्हणाले, "अहो, खेळणी लिहा ना! कोण उघडून बघतंय?" बाई म्हणाल्या, "हे मी ऐकलं नाही हं." मी म्हणालो, "पण मी ऐकलं." ते सद्गृहस्थ म्हणाले, "मग बसा आता कानात बोळे घालून." मी बाजूला झालो. मामा, मी लिहू शकलो असतो. अक्षर माझे होते, पेन माझे होते. पण मला एकदम दिसले की ढगांच्या वर एक विमान चालले आहे, त्यात तीनशे माणसे जेवत आहेत, आणि त्यांच्या पायाखाली माझी बाटली आहे. मग माझा हात "खे"च्या पुढे जाईना.

बाईंना माझी दया आली असावी. त्यांनी खिडकीखालून नियमांचे पुस्तक काढून दिले आणि म्हणाल्या, "बाकावर बसून वाच. घरी न्यायचं नाही, पान दुमडायचं नाही." मी तीन दुपारी बसून ते वाचले. नववीत शाळा सुटल्यापासून मी एवढे सलग काही वाचले नव्हते, आणि शाळेत हे पुस्तक असते तर बहुधा सुटलीही नसती. मामा, माणसाने पोस्टात काय काय टाकावेसे वाटू शकते याचा कुणीतरी आधीच विचार करून ठेवला आहे! अत्तर, नखांचा रंग, काडेपेट्या, पाऱ्याचे थर्मामीटर, सगळ्यांची नोंद आहे. पेटणारे वेगळे, फुटणारे वेगळे, गंजवणारे वेगळे, आणि जे नेमके काय करील ते सांगता येत नाही त्यांच्यासाठीसुद्धा एक वेगळे घर आहे. जिवंत मधमाश्या चालतात. जळवा चालतात. रेशमाचे किडे चालतात. (नीट बांधलेले हवेत.) पण तुमच्या बसचा रंग चालत नाही. जगातले देश एका नदीवरून, एका बेटावरून, एका चेंडूवरून भांडतात, पण माझी अंगठ्याएवढी बाटली न्यायची नाही यावर सगळ्यांचे एकमत झालेले आहे. हे वाचून मला वाईट वाटायला हवे होते. प्रत्यक्षात माझ्या अंगावर काटा आला आणि मी बाकावर जरा ताठ बसलो.

दुसऱ्या दुपारी बाईंनी विचारले, "तुझ्या रंगाचा ज्वलनांक किती?" म्हणजे तो किती तापला की त्याची वाफ पेट घेऊ शकते तो आकडा. सहा वर्षे रंगात हात घालतो आहे, पण रंगाला असा काही आकडा असतो हे मला कुणी सांगितले नव्हते. मी गॅरेजमध्ये जाऊन पेंटरकाकांना विचारले. ते नेहमीप्रमाणे थिनरच्या पिंपावर बसून सिगारेट ओढत होते. मी पुस्तकातले जेवढे पाठ होते तेवढे सांगितले. ते उठले, रस्त्यापलीकडे जाऊन सिगारेट विझवली, परत आले आणि पिंपाचे बूच घट्ट आवळले. "तीस वर्षं," एवढेच म्हणाले. आता ते सिगारेट ओढायला पलीकडे जातात आणि जाताना माझ्याकडे रागाने पाहतात.

घरीही सांगितले. तुमचा डबा तोवर स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीखालच्या फळीवर होता. आई म्हणाली, "माझ्या भावाचा डबा असा कसा पेटेल?" आणि लगेच तो उचलून न्हाणीघरात ठेवला. तेव्हापासून आम्ही आंघोळीला दार जरा हळू लावतो.

पोस्टाचे जमेना म्हणून काचेच्या दाराच्या एका खासगी कुरिअर कचेरीत गेलो. तिथला टायवाला मुलगा फार गोड बोलला. म्हणाला, जाईल की! फक्त ज्या कारखान्याने रंग केला त्याचे माहितीपत्रक हवे, ठरलेल्या जातीचे खोके हवे, त्यावर ज्वाळेचे चित्र असलेली चौकोनी चिठ्ठी हवी, आणि माणसे नसलेले विमान हवे. मी म्हणालो, कारखाना म्हणजे डेपोच्या मागच्या शेडमधला एक माणूस आणि एक काठी. त्याने ते संगणकात घालायचा प्रयत्न केला. संगणकाने घेतले नाही.

मग मी स्वतःचे डोके चालवले (हे मी आईला सांगितलेले नाही). रंग पत्र्यावर वाळवायचा, खरवडून पूड करायची आणि पाकिटातून पाठवायची. बाईंना विचारले तर त्यांनी चष्मा काढला. "परदेशच्या पाकिटात हिरवी पूड? अरे बाळा, मामाच्या दारात पोस्टमन नाही, पोलीस येतील." शिवाय एकदा वाळलेला तेलाचा रंग पुन्हा ओला होत नाही, हे मला त्यांच्या आधी कळायला हवे होते. त्या मात्र पुढे एक वाक्य बोलल्या ते मी पेटीच्या मागे लिहून ठेवले आहे: "ओला असेपर्यंत तो रंग. वाळून वस्तूवर बसला की ती नुसती वस्तू, तिला कोण अडवतंय." बाई हे बोलून पुढचे पार्सल काट्यावर ठेवायला वळल्यासुद्धा. असली वाक्ये त्या दिवसभर बोलत असतील आणि ऐकायला कुणी नसेल.

एक कबुली द्यायची राहिली. डबा वाळू नये याची मला फार काळजी. म्हणून मी रोज सकाळी झाकण उघडून, काडी घालून, तो वाळला नाही ना ते पाहत असे. महिनाभर पाहिले. रोज साय जरा जाड लागे, म्हणून पुढे संध्याकाळीही पाहू लागलो. परवा पेंटरकाकांना हे सांगितले तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "गाढवा, वारा लागतो म्हणून तर वाळतोय! तूच वाळवतोयस त्याला!" मामा, मला वाटले होते की मी पहारा देतो आहे. आता झाकणावर मेण ओतले आहे, आणि काड्या सगळ्या आईच्या ताब्यात आहेत.

तेव्हा सांगायचे ते एवढेच की रंग पाठवता येत नाही, याची क्षमा असावी. मामींना नमस्कार, ताईला आणि नातीला आशीर्वाद (ताई माझ्यापेक्षा मोठी आहे, तिला नमस्कार).

तुमचा,
भाचा

ता. क. बाईंच्या त्या वाक्यावर मी चार दिवस विचार केला. रंग तिकडे जाऊ शकत नाही, पण बस इकडे येऊ शकते. इथे रंगवून वाळवली की ती नुसती वस्तू. तुम्ही ती पार्सलने पाठवणार नाही हे मला ठाऊक आहे. दुसरा ड्रायव्हर तुमच्या सीटवर बसला तरी तुम्हाला दिवसभर जेवण जात नसे. म्हणून विनंती की बस मांडीवर घेऊन तुम्ही स्वतःच यावे. विमानात माणसाने बस नेण्याला बंदी आहे का, हे मी बाईंना विचारले. त्या प्रथमच हसल्या. म्हणाल्या, "मामाला सांग, तो अजून कुठल्याच यादीत नाही."

ता. क. २. वरची ता. क. वाचून दाखवली तेव्हा आई म्हणाली की रंगाचे निमित्त कशाला, सरळ लिही की भावाला पाहून सहा वर्षे झाली. मी म्हणालो, निमित्त नाही, रंग खराच आहे. ती म्हणाली, असू दे, तरी लिही. म्हणून लिहितो : सहा वर्षे झाली.

ता. क. ३. डब्यात आता नेमका किती रंग उरला आहे ते मामाला कळवू नकोस, कळले तर तो यायचा नाही, असे आईने मला बजावले आहे, आणि मी कळवणार नाही असे तिला सांगून बसलो आहे. त्यामुळे ते लिहीत नाही. फक्त येताना एवढे ठरवून यावे की बस प्रदर्शनात भिंतीला लावून ठेवायची झाली तर लोकांकडे कुठली बाजू करायची, दाराची की ड्रायव्हरची. पेंटरकाका म्हणतात दाराची, कारण पाहणारे प्रवासी. मी आपली ड्रायव्हरची धरून ब्रश धुऊन ठेवला आहे.