लाल चिमटा

मंगळवार, १४ तारीख
दुपारचा दीड, दवाखान्याचा तळमजला

प्रिय ताई,

नमस्कार. खुशाली काय विचारू! तू वरच्या मजल्यावर, मी खाली, आणि आपल्या दोघींचा जीव एकाच तेरा दिवसांच्या ठमीत अडकलाय. आत फक्त आईला सोडतात आणि फोनही बाहेर ठेवून घेतात, म्हणून हे पत्र नर्सबाईंच्या हाती देतेय.

भावोजी तुझे कपडे आणि मऊ टॉवेल आणायला घरी गेलेत. तुझ्या सासूबाई माझ्या समोरच्या खुर्चीवर आहेत. मघाशी त्यांनी न विचारता चहा आणून ठेवला. तो गार झाला. नर्सबाई म्हणाल्या, ताप उतरलेला नाही आणि ठमी दूध ओढत नाही.

माझं काम काय असतं ते तू नेहमी विचारायचीस आणि मी "विषाणूंची हजेरी घेते" म्हणून थट्टेवारी न्यायचे. आज नीट सांगते. ओठावर फोड आणणारा हर्पिस नावाचा विषाणू असतो ना, त्याला आपल्या पेशीत शिरायला चार प्रथिनं लागतात, आणि ती चार जनुकांवरून बनतात. आपण घर बदललं तेव्हाचं ते कपाट आठवतं? बाबा, काका, तू आणि मी, चौघांनी धरलेलं. मी हात सोडला, कपाट दारातच अडकलं आणि काका दिवसभर माझ्या नावाने खडे फोडत होते. तसंच आहे हे. आम्ही एकेक जनुक काढून टाकतो आणि काय होतं ते बघतो. त्या चारांतलं एक जरी गेलं, तरी विषाणू पेशीला चिकटतो, पण आत जाऊ शकत नाही. असे लुळे करून ठेवलेले विषाणू मी सहा वर्षं हाताळतेय. त्यांची मला कधी भीती वाटली नाही.

आमच्याकडे एक नियम आहे. कुणाच्या ओठावर फोड आला, की त्याने कोटाच्या कॉलरला लाल चिमटा लावायचा आणि पेशी वाढवायच्या खोलीत आठ दिवस पाऊल ठेवायचं नाही. कारण माणसाच्या अंगावरच्या विषाणूची चारही जनुकं शाबूत असतात. तो आमच्या डब्यांतल्या पेशींत शिरला, तर महिन्यांचं काम पाण्यात. दारावरची ती पाटी माझ्याच अक्षरात आहे.

मागच्या आठवड्यात सोमवारी मी तो चिमटा लावला.

आणि आदल्या दिवशी, रविवारी, मी तुझ्याकडे आले होते.

तू विचारलंस, "अगं भिंगरे, ओठाला काय झालं?" मी म्हणाले, "चहाने भाजलं." ताई, भाजलं नव्हतं. शनिवारपासून तिथे चुरचुरत होतं. ती चुरचुर मी ओळखते, शाळेत असल्यापासून परीक्षा आली की हजर. पण सासूबाई तुला म्हणत होत्या, "ती त्या रोगजंतूंत हात घालते, बाळ नको हो तिच्याकडे," आणि तू म्हणालीस, "माझ्या बहिणीइतके स्वच्छ हात या घरात कुणाचे नाहीत." त्यानंतर मला खरं सांगवेना. वाटलं, हात धुतलेत, नुसती मांडीवर घेते. मग ठमीने जांभई दिली आणि माझ्या गळ्याशी डोकं खुपसून झोपली. तू पाणी आणायला आत गेली होतीस. मी तिचा मुका घेतला. एकच.

डब्यांतल्या पेशींसाठी मी आठ दिवस दाराबाहेर उभी राहिले, ताई. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

अजून एक राहिलंय. सकाळी नऊला डॉक्टरीणबाईंनी आपल्या सगळ्यांना विचारलं, "बाळाजवळ आलेल्या कुणाच्या ओठावर फोड होता का?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालीस, "नाही, हिला फक्त भाजलं होतं." तुम्ही आत गेलात, दार बंद झालं आणि मी खाली येऊन बसले. बारा वाजता वर धावत गेले आणि त्यांना सांगितलं. तीन तासांनी. त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही, आधी औषध चढवायला सांगितलं. नमुना तपासायला गेलाय, उत्तर उद्या येईल. मग मला विचारलं, "आईला तुम्ही सांगता की मी सांगू?"

हे औषध विषाणूला दारात अडवत नाही. आत शिरलेल्याची वाढ तेवढी थांबवतं. म्हणून, आणि इतक्या लहान बाळाच्या तो जिवावर उठू शकतो म्हणूनही, एकेक तास मोलाचा असतो. हे मला इथे बसलेल्या कुणाहीपेक्षा नीट माहीत होतं, तरी मी घड्याळाकडे बघत बसून राहिले, कारण मला तुझी भीती वाटत होती. आता तुझी वाटत नाही. आता ठमीची वाटते, आणि ती सोसवत नाही.

कदाचित माझ्यामुळे नसेलही. डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी तिला लिही. आपलं नंतर बघू."

पुन्हा कुणी विचारलं, तर माझी बाजू घेऊ नकोस.

आणि मला काय बोलायचं ते नंतर बोल. आधी ठमीच्या डाव्या भुवईच्या वर बघ. मुका तिथे घेतला होता. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं तेव्हा तिथे काही नव्हतं, पण फोड कधीकधी मागाहून येतो. दर तासाला बघत राहा. टाचणीच्या डोक्याएवढं जरी काही दिसलं, तरी हे पत्र तिथेच टाक आणि नर्सबाईंना हाक मार.

मास्क लावून, दारापासून तिसऱ्या खुर्चीवर बसलेली,
तुझी भिंगरी