जसं लिहिलंय तसं

१२ मार्च

ती. आक्कास, सा. न. वि. वि.

दौऱ्याचं बोलावणं आलंय, पण मी त्यांना अजून हो-नाही कळवलेलं नाही. दोन महिने गावोगाव पियानो वाजवायचा, तोही दुसऱ्यांच्या रचना! आमचे संगीतकार म्हणाले, असल्या भिकार रचनांनी तुझे हात बिघडतील, आणि माझं संगीत तुझ्याइतकं कळतं कुणाला? न कळायला काय झालं! हे टेबलाशी बसून लिहितात, पियानोला बोट लावत नाहीत. डाव्या हाताला सुरांची अशी खोगीरभरती, की मूळ चाल गुदमरते. बारा वर्षं मी वाजवताना त्यातले निम्मे सूर गुपचूप गाळतेय. मग पेपरात येतं, संगीतकाराचा संयम वाखाणण्याजोगा. संयम माझा, वाखाणणी त्यांची! पण आक्का, मी सूर गाळते ते त्यांना कळतं गं. मानी माणूस, बोलून दाखवत नाहीत एवढंच. तेवढ्यावर तर मी इथे टिकलेय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी चिमणी

१९ मार्च

चि. चिमणीस, अ. आ.

पत्र वाचून डोक्यात तिडीक गेली. कळतं म्हणे! आमच्याकडे आले तेव्हा तासभर स्वतःच्या प्रतिभेवर बोलत होते. समोर तुझे भाऊजी चक्क घोरत होते, तेही त्यांना ऐकू गेलं नाही. आता माझं ऐक. येत्या कार्यक्रमात एकही सूर गाळू नकोस, लिहिलंय तसं वाजव. फरक कळला तर सुखाने राहा, मी पुन्हा ब्र काढणार नाही. नाही कळला तर बॅग भर.

आशीर्वाद माझे, अक्कल तेवढी तुझी वापर.
आक्का

२ एप्रिल

ती. आक्कास, सा. न. वि. वि.

काल वाजवलं, अगदी लिहिलंय तसं. नुसता गोंगाट. मागचे लोक मधेच उठून गेले, उरलेल्यांनी उपकार केल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. हे पहिल्या रांगेत डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, आता आत येतील, चिडतील, हे काय केलंस म्हणून विचारतील. त्यांनी चिडावं म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते गं.

आले. कोट चढवत म्हणाले, लोकांना अक्कल नाही, तू मात्र नेहमीसारखंच वाजवलंस.

मी आधी हसले, मग न्हाणीघरात जाऊन रडले. सकाळी दौऱ्याला होकार कळवला. हे टेबलाशी बसून माझ्यासाठी नवीन रचना लिहितायत. मी त्यांच्या पाठीमागेच बॅग भरतेय, कपाटाची दारं चांगली धाडधाड आपटून. त्यांनी अजून मान वळवलेली नाही.

शनिवारी येते. लोभ समोरासमोरच कर.
चिमणी