पहिला डी मोठा

३ ऑक्टोबर, शुक्रवार
दसऱ्याचा संकल्प, एक दिवस उशिरा. रोजनिशी यापुढे लॅपटॉपवर, आणि मराठीत. कॉन्व्हेंटमध्ये मराठी शब्द तोंडून गेला की सिस्टर बेनेडिक्टा गळ्यात लाकडी पाटी अडकवायच्या. पन्नास वर्षांनी त्याचा सूड. लॅपटॉप जुना. भाच्याने, अजिनाथने, पुण्याहून येऊन त्यात ती पेंग्विनवाली फुकटची सिस्टिम टाकली आणि कळांवर मराठी अक्षरांची स्टिकर्स लावून गेला. आज कीबोर्ड मराठी केला. आता त्याला हात लावायचा नाही.

दुसरं काम. वायफायचा पासवर्ड बदलला. शेजारचे भगवानराव माझ्या नेटवर कीर्तनं ऐकतात आणि वर मलाच विचारतात, "मॅडम, आज नेट स्लो कावून हाय?" केबलवाल्याकडून नवा घालून घेतला: डिसिप्लिन. पहिला डी मोठा. भगवानरावांना सात जन्मांत सुचणार नाही.

सायं. ५
छबुबाई चौदा वर्षं माझ्याकडे धुणंभांडी करते. तिच्या दीपमालाला बारावीला एकाहत्तर टक्के. नर्सिंगचा फॉर्म ऑनलाइन, मुदत ९ तारीख, संध्याकाळी पाच. चुकला तर पोरगी बारा तारखेच्या ट्रॅक्टरने मामाच्या टोळीबरोबर ऊस तोडायला. छबुबाई स्टँडसमोरच्या ऑनलाइन सेंटरवर निघाली होती. अडवलं. त्या माणसाने गेल्या वर्षी एका मुलीच्या फॉर्मवर 'फीमेल'च्या शेवटी ए-आय-एल लिहिलं होतं. मी माजलगावात जिवंत असताना! दीपमालाच्या कागदपत्रांची फाइल माझ्या कपाटात ठेवून घेतली. उद्या दहा मिनिटांचं काम.

४ ऑक्टोबर, सकाळी ११.१०
नेट नाही. पासवर्ड मागतो, देते, गोल गोल फिरतो, पुन्हा मागतो. पाच वेळा.

११.४०
अकरा वेळा. टाकताना नुसते काळे ठिपके दिसतात. शेजारी डोळ्याचं चित्र आहे, ते दाबलं की अक्षरं उघडी पडतात. दाबणार नाही. घरात छबुबाई, खिडकीपलीकडे भगवानराव. गुप्त ते गुप्त.

५ ऑक्टोबर, रविवार
अजिनाथला फोन केला. पहिलाच प्रश्न: "आत्या, पासवर्ड इंग्रजीतच टाकताय ना?"
मला! बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला! म्हटलं, तुझ्या बापाला टेन्स मी शिकवले, आणि ठेवला फोन. नंतर त्याचे चार फोन आले. उचलले नाहीत. माफी मागायची तर पत्र लिहावं. स्पेलिंगही तपासता येईल.

६ ऑक्टोबर
राउटर बंद-चालू, लॅपटॉप बंद-चालू, घराचा मेन स्विच बंद-चालू. फ्रिजमधलं दूध नासलं, नेट आलं नाही. छबुबाईने विचारलं, "बाई, व्हतंय का?" म्हटलं, झालंच. तिने दीपमालाची फाइल थोड्या वेळासाठी मागितली, देवापुढे ठेवायची म्हणून. बारावीच्या मार्कमेमोला देव काय करणार? पण दिली. दुपारी परत आली, वर कुंकवाचं बोट. पुसून ठेवली.

७ ऑक्टोबर
हा भगवानरावांचा सूड असणार. कंपाउंडवरून सरळ विचारलं. म्हणाले, "मॅडम, मी तर पोळ्यालाच माजं सोताचं नेट घेतलंय. तुमचं लई ढिलं व्हतं." वर म्हणे, "पोरीचा फॉर्म हाय ना? या, माज्याकडं बसून भरा."
गेले नाही. तत्त्व आहे. अजून दोन दिवस आहेत.

८ ऑक्टोबर, बुधवार
केबलवाला येऊन स्वतःच्या मोबाइलवर नेट लावून दाखवून गेला. "नेट चालू हाय मॅडम. खोट लॅपटॉपात हाय." म्हणजे सिस्टिमच. फुकट ते पौष्टिक नसतं, हे मी पहिल्याच दिवशी म्हणणार होते.
पासवर्ड आजवर एकशे चार वेळा टाकला. जेवण गेलं नाही. दीपमाला उसाच्या फडात दिसते आहे, मोळी डोक्यावर. आणि तिची आई मोरीत भांडी घासताना चक्क गुणगुणत होती! मुलीच्या आयुष्याचा प्रश्न, आणि गाणी. ही माणसं भविष्याचा विचार म्हणून करत नाहीत.

९ ऑक्टोबर, दुपारी ३.०५
मुदतीला दोन तास. अजिनाथ फोन उचलत नाही. आजच बरा स्वाभिमान सुचला.

३.५०
भगवानरावांच्या दाराशी जाऊन आले. कुलूप. केजला लग्नाला गेलेत. शेजारी गरजेला कधी नसतोच.

४.१०
रिक्षाने सेंटरवर जावं का? ए-आय-एल. नाही. शेवटचा एक प्रयत्न.

सायं. ५.३०
घडलं ते क्रमाने लिहिते. शेवटच्या प्रयत्नात बोट घसरलं आणि तो डोळा दाबला गेला. ठिपक्यांची अक्षरं झाली. चष्म्यावर पाणी आलं होतं, मला दिसेना. छबुबाई फरशी पुसत मागे आलेली. ती साक्षरता वर्गात शिकलेली, अक्षराला अक्षर जोडून वाचते. वाकली आणि मोठ्याने वाचू लागली:
"अगे... मगज... तगला." मग म्हणाली, "बाई, कुनाचा मगज तगला?"
चष्मा पुसून पाहिलं. अगेमगजतगला. माझं डिसिप्लिन, त्याच कळांवरच्या मराठी अक्षरांत. वर कोपऱ्यात 'मराठी' लिहिलेलं होतं. सहा दिवस.
ते इंग्रजी केलं. डी मोठा. ४.३२ ला नेट आलं. साइट उघडली, दीपमालाचा नंबर भरला. उत्तर आलं: या उमेदवाराचा अर्ज ६ ऑक्टोबरला सादर झाला आहे.
मी छबुबाईकडे पाहिलं. तिने पदराला हात पुसले, पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला. "सोमवारीच भरला बाई, ष्टँडवर. तुमी लई जीव लावून बसल्या व्हत्या, म्हनून बोलले न्हाई." मग चहा टाकायला गेली.

सायं. ६.१५
कागद तपासला, लाल पेन घेऊन. दीपमाला बरोबर. फीमेल बरोबर. पत्त्यातलं माजलगावसुद्धा बरोबर. एकही चूक नाही.
दोनदा वाचला. आता तिसऱ्यांदा वाचते.