सप्टेंबरातलं सोयाबीन

५ ऑक्टोबर, नांदेड
पेपर तपासायचे सोडून दिवसभर चाळणी लावत बसले. एक्सेलच्या शीटला मी चाळणी म्हणते म्हणून कॉलेजातली पोरं हसतात. हसू देत. शेअर बाजारातल्या सगळ्या तेल-डाळ कंपन्यांचे आकडे ओतले. कर्ज कमी, नफा वाढता, साठा भरपूर, एवढ्याच अटी. मोजक्या उरल्या आणि त्यांत म. ची कंपनी! माझा पाठचा भाऊ लातूरला जिथं हिशेब सांभाळतो तीच, सोयाबीन तेलाची. ओळ अख्खी हिरवी. पोरांना हीच दाखवणार.

७ ऑक्टोबर
म. चा फोन. दसऱ्याला मालकांनी त्याला डायरेक्टर केलं. "अक्का, आता कंपनीच्या निकालावर माझी सही!" आवाज नुसता उड्या मारत होता. उमरीला आईला कळवलं. ती रडलीच. अण्णांनी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, जन्मभर दुसऱ्याच्या गादीवर बसून हिशेब लिहिले आणि त्यांचा पोरगा... मीही रडले. खोटं कशाला लिहू.

११ ऑक्टोबर
खटकलं काहीतरी. वर्गासाठी शीट नीट करत होते. चाळणी फक्त मार्चचे आकडे बघते, हा माझा आळस. आज सप्टेंबरचे रकाने जोडले. म. च्या कंपनीत मार्चपेक्षा सप्टेंबरात साठा जास्त. गेल्या साली आणि त्याच्या आदल्या सालीही.
सप्टेंबरात सोयाबीन आणलं कुठून? नवं तर शेतात उभं असतं. दसऱ्याच्या तोंडावर उमरीच्या मोंढ्यातली गोदामं झाडून रिकामी असायची. आम्ही दोघं तिथं लंगडी खेळायचो, अण्णा ओरडायचे. म. विसरला की काय?
बाकीच्या तेल कंपन्या बघितल्या. सगळ्यांचा साठा सप्टेंबरात तळाला.
वर्गात दाखवणं रद्द.

१२ ऑक्टोबर
म. ला विचारलं. हसला. "अक्का, तू लई विचार करून राहिलीस. मालक स्वस्तात घेऊन ठेवतेत, भाव चढला की काढतेत. तुझ्या चाळणीला धंदा कळत न्हाई."
असेलही. मला तरी कुठं कळतो. बरं वाटलं.
दुपारपर्यंत टिकलं. भाव चढल्यावर माल विकतात, तर पैसा दिसायला नको? नफा दरसाल आहे. रोकड एकाही साली नाही.

१८ ऑक्टोबर
बाजाराच्या साइटवर कंपनीची नोटीस. जुने ऑडिटर सोडून गेले, कारण 'वैयक्तिक'. म. म्हणतो, रुटीन असतं. म्हणण्याआधी घसा खाकरला. लहानपणी थाप मारायच्या आधी खाकरायचा तसाच.
आज चाळणी उघडलीच नाही. भीती वाटते.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज, लातूर
निकालाच्या कामातून त्याला निघता येईना, म्हणून यंदा मीच आले. नवं घर. पल्लवीनं, म. च्या बायकोनं, खोली न् खोली दाखवली. ओवाळलं. तबकात पाकीट पडलं. आत चिठ्ठी: निकाल लागले की कंपनीचे शेअर अक्काच्या नावावर.
हात पुढे होईना. म्हटलं, "हे नको. ओवाळणीत मला तुमचं गोदाम दाखव."
पल्लवी हसली. म. हसला नाही. पण भाऊबीजेला बहिणीला नाही तरी कसं म्हणणार?
एमआयडीसीत शेजारच्या डाळ मिलच्या पत्र्यांवर कबुतरं मावत नव्हती. ह्यांच्या पत्र्यावर एकही नाही. म. म्हणाला, "सुट्टी हाय ना अक्का." कबुतरांना कसली आलीय दिवाळीची सुट्टी.
वॉचमन चावी देईना. "मालकानं कुणालाच उघडू नका म्हणलंय सायेब."
"मी डायरेक्टर हाय," म. म्हणाला. तेवढ्यावर दार उघडलं.
समोर पोत्यांची थप्पी, थेट पत्र्यापर्यंत. क्षणभर इतकं हायसं वाटलं! स्वतःचीच लाज वाटली. मग कडेनं, अंग चोरून मागं गेले. मागं काही नाही. नुसती फरशी. दोघांना लंगडी खेळता येईल एवढी, त्याहून कितीतरी मोठी. परत येऊन एका पोत्याला चिमटा घेतला. भुसा.
म. दारातच उभा होता. आत आलाच नाही.
म्हणाला, "मला माहीत होतं का, ते विचारू नको."

२४ ऑक्टोबर
परतीच्या बसमध्ये. रस्ता खराब, अक्षर तसंच.
स्टँडवर त्यानं सांगितलं. डायरेक्टर केलं त्याच दिवशी बँकेच्या कागदांवर त्याची सही घेतली. कंपनी बुडाली तर जामीन तो. नव्या घरासकट. वाचून केलीस का? तर म्हणे, "मालकानं पेढा भरवला गं, अन् कागद समोर ठेवला."
चिडले. चारचौघांत बोलले. त्यानं पाण्याची बाटली आणून हातात दिली आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.
आईला सांगू नको म्हणाला.

१२ नोव्हेंबर
मालक उपचारासाठी परदेशी गेले. तशी नोटीस आली. परवा निकालाची मीटिंग. सही आता म. नंच करायची.
फोन केला. म्हटलं, करू नको, राजीनामा दे, काय व्हायचं ते आपण मिळून बघू. उमरीला ये. "हाव," म्हणाला. "हाव अक्का."
खाकरला नाही. तेवढ्यावर विश्वास ठेवून बसलेय.

१४ नोव्हेंबर
निकाल लागला. सप्टेंबरचा साठा गेल्या सालापेक्षाही जास्त.
खाली सही म. ची. 'म'ला तोच मोठा वळसा, अण्णांनी पाटीवर गिरवून घेतलेला.
चाळणी ताजी केली, मार्चच्या जागी नवे आकडे आले. ओळ हिरवी. यादीत पहिली.
शेअर बाजाराकडे तक्रार मला करता येते. केली तर पहिल्यांदा दार वाजेल ते त्याचं. नाही केली तर माझ्यासारखंच कुणीतरी घरी बसून ही हिरवी ओळ बघेल आणि पैसे घालेल. तक्रारीचा फॉर्म उघडून ठेवलाय. माझं नाव भरलंय. पुढं हात जात नाही.
मधेच उमरीहून आईचा फोन. शेजारणीनं तिला मोबाइलवर सही दाखवली म्हणे. "केवढी मोठी सही करतोय गं आपला महेश! तेवढा कागद छापून आण माय. तुझ्या अण्णांच्या फोटोखाली ठेवते."
आणते म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?
छापलाय. टेबलावर आहे. म. ला फोन लावतेय. वाजतो, पण उचलत नाही.